कपड्यांचं सॅनिटायझर: पावसाळाभर आणि नंतरही वापरून काय वाटलं

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, हे धुण्यात घालायचं जंतुनाशक लिक्विड पावसाळ्यात ठराविक कपड्यांना कामाचं आहे, वर्षभर रोजच्या धुण्यात घालायची काही गरज नाही. आमच्याकडं बेळगावात वडगावला फ्रंट लोड मशीन आहे आणि माहेरी खानापूर तालुक्यात जांबोटीला सेमी ऑटोमॅटिक, दोन्हीकडं वापरून झालंय.

आपल्याकडचा पाऊस माहीत आहेच, जून अर्धा सरला की गणपतीपर्यंत ऊन असं दिसतच नाही, आणि जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले ते ओलेच. मग टॉवेलला तो कुबट वास. धुतलेला, घडी घातलेला टॉवेल, पण तोंड पुसलं की आलाच. डिटर्जंट वाढवून काही होत नाही हे सगळ्यांनी करून बघितलेलं असतंय. 2012 साली जपानमधल्या संशोधकांनी शोधून काढलं की ह्या वासामागं मुख्यतः मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा बॅक्टेरिया असतो, धुतल्यावरही धाग्यात थोडा राहतो आणि कापड ओलसर राहिलं की उरलेल्या घामा-तेलावर परत वाढतो. म्हणजे कपडे किती वेळात वाळतात हा खरा प्रश्न आहे बघा.

आता बाटलीबद्दल. ह्यातल्या बऱ्याच लिक्विडमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड किंवा त्याच जातीचं केमिकल असतं. त्याच्यावर धन भार आणि आपल्या साबण-पावडरवर ऋण, त्यामुळं दोन्ही एकत्र घातलं की एकमेकाला धरून बसतात आणि दोन्हीचं काम कमी होतं. म्हणून हे शेवटच्या पाण्यातच घालायचं, ऑटोमॅटिक असेल तर फुलाचं चित्र असलेल्या सॉफ्टनरच्या कप्प्यात. ओळखीतल्या निम्म्या बायका पावडरबरोबरच ओततात आणि मग म्हणतात काही फरक नाही. सेमीवाल्यांनी शेवटचं स्वच्छ पाणी भरून त्यात टोपणानं मोजून घालायचं आणि बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिलीत (साधारण पंधरा धरा) तेवढा वेळ कपडे बुडवून ठेवून मग ड्रायरला टाकायचे. नुसतं खळबळून काढलं तर घातलं काय, न घातलं काय.

आणि ते 99.9 टक्के. त्याचा अर्थ हजारातला एक उरतो, तोही लॅबमध्ये, ठराविक जंतूंवर. उरलेला एक दिवसभर ओल्या टॉवेलात राहिला की परत पिलावळ घालतोच. त्यामुळं सॅनिटायझर घालून कपडे घरात दोरीवर एकावर एक टाकले तेव्हा वास परत आला, आणि न घालता जास्त स्पिन करून फॅनखाली अंतर ठेवून वाळवले तेव्हा आला नाही. टॉवेलसाठी तर माझं मत पक्कं झालंय की पैसे फॅनच्या युनिटवर घालावेत.

खरा फायदा दिसला तो पोराच्या फुटबॉलच्या जर्सीला. पॉलिएस्टर घामाचा वास सुती कपड्यापेक्षा जास्त धरून ठेवतं आणि गरम पाण्यात घालायची सोय नाही, तिथं फरक नाकाला कळला, मोज्यांनासुद्धा. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांच्या चादरींना पण घालते, पण आधी गार पाण्यातनं लघवी नीट काढून टाकायची, नाहीतर ह्या लिक्विडचा सुगंध आणि तो वास मिसळून तिसरंच काहीतरी होतंय.

ह्यांना पावसात गजकर्ण झालं होतं तेव्हा स्किनच्या डॉक्टरांनी सॅनिटायझरचं नावसुद्धा काढलं नाही. कपडे आणि टॉवेल वेगळे ठेवा, 60 डिग्रीला धुवा, पूर्ण वाळवून इस्त्री मारा आणि औषध मधेच सोडू नका, एवढंच. बुरशीवर चालतं का ते प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं नसतं, वाचून घ्या.

60 डिग्री म्हटलं की आपल्याकडं गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचा, हिशेब येतोच. फ्रंट लोडला एका गरम धुण्याला साधारण एक युनिट जातं, आणि महिन्याला 200 युनिटच्या वर गेलं की हेस्कॉमचं (आपल्याकडची वीज कंपनी) सगळं बिल आपल्याच गळ्यात. म्हणून आमच्यात गरम पाण्याचं धुणं फक्त चादरी, आतले कपडे आणि आजारी माणसाचं. उन्हाळ्यात सोलरचं पाणी चांगलं कढत येतं, तेव्हा तेच बादलीत घेऊन भिजवते, पावसात मात्र सोलर नावालाच.

आईनं जांबोटीला वापरायचं बंद केलं, कारण तिथं मोरीचं पाणी परड्यात केळीला जातं आणि पुढं ओढ्याला मिळतं. हे केमिकल माशांना, पाण्यातल्या जिवांना घातक आहे, त्यामुळं मला तिचं पटलं. ती पांढऱ्या सुती कपड्यांना चुलीवर हंडा ठेवून उकळतं पाणी घालते. कुणी स्वस्तात होतं म्हणून ब्लीच वापरत असाल तर ते फक्त पांढऱ्या सुतीलाच, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

अजून एक, मशीनच्या दाराचं रबर उलटून बघा. आमच्या रबराच्या घडीत काळी बुळबुळ होती, ती पुसून रिकामं गरम धुणं लावलं आणि दार उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा अर्धा वास तिथंच गेला.

शेजारच्या अक्का परवा विचारत होत्या, नातवाच्या लंगोटांना घालू का म्हणून. मी नको म्हटलं. बाळाच्या कातडीला हे लागू शकतं, आणि सुती लंगोट उकळत्या पाण्यातनं काढले की झालं, वरनं इस्त्री फिरवली की वाळतात पण लवकर.