पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं की साडेचारशे कोटी?

बायबल मानणारा प्रत्येकजण उत्क्रांती नाकारतो, असा गोव्यातल्या आम्हा मराठीवाल्यांचा सरसकट समज. (परशुरामाच्या बाणाने समुद्र हटला, हे आम्हीही सांगतोच की!) तरुण-पृथ्वीवादी, म्हणजे पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानणारे ख्रिस्ती, बायबलमधले सृष्टीच्या उत्पत्तीचे सहा दिवस अक्षरशः धरतात. १७व्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलमधल्या वंशावळ्या मोजून सृष्टीचं साल काढलं, इसवी सनपूर्व ४००४. तरुण-पृथ्वीवाद्यांच्या मते खडकांचे थर म्हणजे बायबलमधल्या नोहाच्या पुराचा गाळ. इथल्या बहुतेक ख्रिस्तींचं कॅथलिक चर्च असा हट्ट धरत नाही. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीवर चर्चेला मोकळीक दिली. आत्मा तेवढा थेट देवाकडून. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले, उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक नाही. मला हीच वाट पटते. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या मोले-अनमोडकडचा नाइस (gneiss) जातीचा खडक ३०० कोटी वर्षांहून जुना आहे, त्याला सहा हजारांत कुठे बसवणार?