रिटुक्सिमॅब की क्लेमास्टिन?

राजारामपुरीतल्या आमच्या वहिनींना एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) निघालाय, झटके येऊन जाणारा, म्हणजे लक्षणं मधूनच उफाळतात नि ओसरतात. डॉक्टर रिटुक्सिमॅब म्हणतात. लेकानं मोबाईलवर क्लेमास्टिन शोधलंय. "भावजी, कुठलं घेऊ?"

काम वेगळं आहे. या आजारात स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर आणि ते बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींवर तुटून पडते. रिटुक्सिमॅब प्रतिकारशक्तीतल्या बी-पेशी घटवून नवे झटके रोखतं. गेलेलं मायलिन परत आणत नाही. क्लेमास्टिन हे ॲलर्जीचं जुनं औषध. ते कच्च्या पेशींना ऑलिगोडेंड्रोसाइट व्हायला लावतं, पण हल्ला चालूच राहतो. गळका नळ तसाच ठेवून भिंत रंगवल्यागत!

क्लेमास्टिनचा पुरावा? २०१७ मध्ये ५० रुग्णांवरच्या चाचणीत डोळ्याकडून मेंदूला जाणारा संदेश सरासरी १.७ मिलिसेकंदांनी लवकर पोचला. थकवा मात्र वाढला. पुढच्या एका चाचणीत काहींचं अपंगत्व झपाट्यानं वाढलं, म्हणून तिथं ते थांबवलं.

क्लेमास्टिनची गोळी स्वस्त. रिटुक्सिमॅब महाग, साधारण सहा महिन्यांनी सलाईनमधून, आधी हिपॅटायटिस-बीची तपासणी, नंतर संसर्गाची धास्ती.

झटके येणाऱ्यांना, म्हणजे वहिनींनाही, रिटुक्सिमॅबच बरं. क्लेमास्टिन फक्त देखरेखीखालच्या चाचणीत. दुकानातून आणून तर नकोच.