गाइड बुश वापरून आठ महिने: 9 दारं, 54 खाचा

गाइड बुश म्हणजे राउटरच्या (लाकूड कोरायच्या मशीनच्या) बेसला, बिटभोवती म्हणजे फिरणाऱ्या पात्याभोवती बसणारं कडं. ते फर्म्याच्या, म्हणजे आकाराच्या नमुना-पाटीच्या, कडेला टेकून चालतं. त्याचा सेट मागितला तेव्हा दुकानदारच म्हणाला, "बेअरिंगवाला बिट आहे ना तुमच्याकडे? मग हे कशाला?" त्याचंही बरोबर होतं. बेअरिंग फर्म्याच्या कडेला टेकतं, फर्मा जेवढा तेवढीच वस्तू निघते, डोकं चालवावं लागत नाही. स्टुलांचे पाय मी अजून त्यानेच कापतो.

गाडी अडली बिजागऱ्यांपाशी. खाच जेमतेम 3 मिमी खोल, फर्मा 12 मिमी एमडीएफचा, आणि बिटचं पातं 25 मिमी. म्हणजे टोक लाकडात पुरेसं उतरलं तरी बेअरिंग फर्म्याच्या 10 मिमी वर, अधांतरी. टेकणार कशाला?

बुशला मात्र हिशेब लागतो. बुशच्या बाहेरच्या व्यासातून बिटचा व्यास वजा करून निम्मे करायचे. 16 चा बुश आणि 10 चा बिट असेल, तर काप कडेपासून 3 मिमी आत पडतो. 100 मिमीच्या बिजागरीला फर्म्याची खिडकी 106 हवी. मी शहाण्याने एकाच बाजूचे 3 धरून 103 ची कापली आणि पहिलं दार पटाशीने वाढवत बसलो. (कोपरे बिटच्या गोलाईचेच राहतात, त्यामुळे पटाशी तशीही सुटत नाही.) बुशची कॉलर (फर्म्याच्या खिडकीत उतरणारी कड) फर्म्याच्या जाडीपेक्षा आखूड हवी, हे 6 मिमी प्लायच्या फर्म्यावर ती लाकडालाच घासल्यावर कळलं.

बिट कार्बाइडचाच घ्या. माझा एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) प्लायमधल्या गोंदाने लवकरच बोथट झाला. कापायचा कमी, जाळायचा जास्त. आणि पाव इंची (6.35 मिमी) कोलेटमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमटीत, 6 मिमी दांडा घालू नका. माझा स्पायरल (पिळाच्या धारेचा) बिट चालता चालता खाली सरकला, सागवानी चौकटीतली एक खाच 5 मिमी खोल झाली. आत पातळ फळी चिकटवून निभावलं.

सेटबद्दल खरी तक्रार एकच. बुश बिटच्या बरोबर मध्यात बसत नाही, एका अंगाला अर्धा मिमी कलतो. सेंटरिंग पिन (बुश मध्यात आणायची सळई) लावून बेसचे स्क्रू पुन्हा बसवले, तरी थोडा फरक उरलाच. मशीन हातात फिरलं की खाचेची कड वाकडी येते. म्हणून बेसवर लाल मार्करने ठिपका दिलाय. काप कुठल्याही बाजूचा असो, ठिपका माझ्या पोटाकडेच.