ग्रॅच्युइटीचा हिशेब अडलाय? वागळे इस्टेटमधल्या या साहेबांकडे जा

★★★★☆

कामगार हॉस्पिटलच्या स्टॉपला उतरून आतल्या गल्लीत, एका गाळ्याच्या माळ्यावर ही कचेरी आहे. पाटीवर नाव नाही, नुसतं 'कामगार कायदे सल्ला'. साहेब आधी युनियनतर्फे लेबर कोर्टात उभे राहायचे, मग एमपीएससी देऊन सरकारी कामगार अधिकारी झाले. आता माझ्यासारखेच रिटायर, फक्त त्यांना पेन्शन आहे.

माझं शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 23,400. नोकरी 19 वर्षं 7 महिने. कंपनीने पगाराला 30 ने भागलं, वर्षं 19 धरली आणि ग्रॅच्युइटीचे 2,22,300 हातावर टेकवले. एचआरचा पोरगा म्हणे, "काका, सिस्टीमनेच काढलंय." साहेबांनी माझ्याच पाकिटाच्या मागे मांडून दाखवलं. भागायचं 26 ने, म्हणजे रोज 900. दर वर्षामागे पंधरा दिवसांचे, म्हणजे 13,500. सहा महिन्यांच्या वर गेलं की वर्ष पुरं धरायचं, म्हणून 20. झाले 2,70,000. राहिलेले 47,700, वर उशिराचं 10 टक्के सरळव्याज.

मला वाटलं आता नोटीस ठोकणार. कसलं काय, एक पान लिहिलं. हा हिशेब, 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याची कलमं 4(2) आणि 7(3अ), बस. दमदाटीचा एक शब्द नाही. मी जरा हिरमुसलोच. तर म्हणाले, कामगार अधिकाऱ्याला वादात हुकूम काढता येत नाही. दोघांना समोरासमोर बसवायचं, जमलं तर करार, नाही तर समेट झाला नाही असा अहवाल सरकारला धाडायचा. त्यामुळे मालकाला नाक न कापता पैसे कसे देता येतील, हे आधी बघायची सवय लागली. फॉर्म एन, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी सरकारी अधिकाऱ्याकडे दाद मागायचा अर्ज, भरून ठेवला होता, पण तो लागलाच नाही. पैसे व्याजासकट आले.

सरकारात गेल्यावर युनियनवाल्यांनी 'विकला गेला' म्हणून शिव्या घातल्या, हे तेच हसत सांगतात. वर बाबासाहेबांचा दाखला देतात. 1938 ला संपावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध संप पुकारणारे बॅरिस्टर 1942 ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झालेच ना? आणि 54 तासांचा आठवडा 48 वर आणणारं 1946 चं विधेयक तिथूनच आलं. तुलना जरा मोठीच झाली, पण मुद्दा खोटा नाही.

एक तारा कापला तो अति समेटापायी. रबाळे एमआयडीसीतल्या माझ्या एका ठेकेदारी कामगार मित्राला, पगारपत्रक नाही म्हणून, "मिळतंय ते घे" सांगून वाटेला लावलं. बिचारा कामावर परत घ्या म्हणत होता. अशा भांडणाला दुसरा वकील बघा.

फी 500, रोख. गुरुवारी बंद. नेमणूकपत्र, शेवटच्या पगाराच्या स्लिपा आणि रिलीव्हिंग लेटरची झेरॉक्स न्या. मोबाईलवरचे फोटो दाखवलेत तर ओरडा खाल.