बोनेटवर १२२, आत १०२

हे लिहायला मी वर्षभर टाळाटाळ केली. जुना ट्रॅक्टर विकत घेताना फसलो याचं दुःख होतंच, पण पाच मिनिटांत, तिथल्या तिथे बघता आलं असतं ते मी बघितलं नाही, याची लाज त्याहून जास्त होती. आता ट्रॅक्टर चालू झालाय, डोकंही थंड झालंय, म्हणून सांगतो.

जुन्या गार्डन ट्रॅक्टरचं, म्हणजे बागकामाच्या छोट्या ट्रॅक्टरचं वेड असलेल्यांना कब कॅडेटची ओळख करून द्यायला नको. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली हे छोटं यंत्र बाजारात आणलं. गिअरबॉक्स त्यांच्याच फार्मऑल कब या शेतीच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातला, त्यामुळे दणकट. मला हवा होता १२२. साठच्या दशकाच्या मध्यातलं मॉडेल, कोलरचं के-३०१ इंजिन, १२ अश्वशक्ती. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे १०२. सांगाडा तोच, गिअरबॉक्स तोच, इंजिन मात्र के-२४१, १० अश्वशक्तीचं. दोन्ही इंजिनं बाहेरून इतकी सारखी की सवयीचा डोळाही चकतो. हे मला आधीपासून माहीत होतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

१२ चाच हट्ट का, तर पुढे छोटा लोडर, म्हणजे माती उचलायचं फावडं बसवायचा बेत होता. हायड्रॉलिक पंप फिरवायला त्या दोन जास्तीच्या अश्वशक्ती मला हव्या होत्या.

विकणारा म्हणाला, पूर्ण रिस्टोअर केलाय, इंजिन उघडून नवं केलंय, ठिणगीची वेळ ठरवणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय. मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टर उन्हात उभा होता. पिवळा-पांढरा रंग असा की बघत राहावं. सायलेन्सरला हात लावला तर गरम. "आत्ताच एक चक्कर मारली, तुम्ही येणार म्हणून," तो म्हणाला. मला तो आदर वाटला! इंजिन थंड असताना किती वेळा किल्ली फिरवावी लागते, पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो, पहिल्या दहा सेकंदांत आतून काय वाजतं, हे सगळं त्या एका चकरेत धुऊन निघालं होतं.

पुढच्या धुऱ्याच्या ग्रीस निपलवर, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडावर, रंगाची अखंड पातळ कातडी होती. रंग दिल्यापासून तिथे ग्रीसगनचं तोंड टेकलेलंच नव्हतं. हे मी बघितलं, आणि "करून घेऊ घरी" म्हणून सोडून दिलं.

मग मी सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज काढला. तो हसला. "या इंजिनाला गेजवर जाऊ नका, कॅमशाफ्टवर कॉम्प्रेशन रिलीज असतो. आकडा कमीच दिसणार." आणि गंमत अशी की हे खरं आहे. कोलरच्या के मालिकेतल्या पुष्कळ इंजिनांत स्टार्टरवरचा भार हलका करायला हा रिलीज एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो. माणूस जाणकार आहे असं वाटलं आणि मी गेज पिशवीत टाकला. खरं बोलून खोटं झाकणं यालाच म्हणत असावेत. उत्तर माझ्यापाशी होतं: लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. कार्ब्युरेटरमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटाच्या हवेच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. पण एवढा सरंजाम घेऊन मी गेलोच नव्हतो.

चालवून बघितला तर असा सुसाट ओढत होता की मी जागेवरच हो म्हणालो.

घरी आणल्यावर पंधरा दिवस मजेत गेले. मग ऑइल बदलायला घेतलं. ड्रेन प्लग काढला तर तेल धारेने पडेना, मधासारखं लोंबत उतरलं, आणि नाकात गंधकाचा वास शिरला. तो वास ज्याला ठाऊक आहे त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. इंजिनात गिअर ऑइल! जाड तेलाने धूर दबतो, ठोका दबतो. मी साधं इंजिन ऑइल, एसएई ३०, भरलं आणि चालू केलं. निळा धूर, आणि खालून ठक-ठक-ठक.

कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, गेला हे कळलंच. या इंजिनांचा रॉड अॅल्युमिनियमचा, वेगळं बेअरिंग नाही, थेट क्रँकपिनवर फिरतो, आणि तेल मिळतं तेही रॉडच्या टोकाचा डिपर, म्हणजे तेलात बुडणारा चमचा, शिंपडेल तेवढंच. मी इंजिनाच्या श्राउडवरची, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या पत्र्याच्या आवरणावरची क्रमांकाची पट्टी वाचली, के-३०१. त्याप्रमाणे पिस्टन, रिंगा, गॅस्केट मागवली. माल यायच्या आत पॉइंटचं झाकण काढून बघितलं. ते ब्लॉकच्या बाजूलाच असतं, दोन स्क्रूंचं काम. आत जुनेच पॉइंट, काळे, खड्डे पडलेले. मग ते इलेक्ट्रॉनिक इग्निशन? फ्रेमला स्क्रूने पक्की केलेली काळी डबी होती खरी. तिची वायर मी बोटाने चाचपत मागे नेली. बॅटरीच्या ट्रेखाली ती संपली, टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला. कुठेही जोडलेली नव्हती. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

माल आला. हेड उतरवलं. गॅप तपासायला नवी रिंग सिलिंडरच्या तोंडावर ठेवली तर ती आत जाईना. दाबली तरी जाईना. चुकीचा माल पाठवला म्हणून मी पुरवठादाराला मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि व्हर्नियर हातात घेतलं. के-३०१ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, सव्वातीन इंचाच्या वर आणखी एक अष्टमांश इंच, म्हणजे ८५.७ मिमी. माझं व्हर्नियर ८२.६ दाखवत होतं. पुसून पुन्हा मोजलं. मग पिस्टन वर-खाली फिरवून स्ट्रोक, म्हणजे त्याची धाव, मोजली: ७३ मिमी, ३०१ चा असतो ८२.५. ३९१ सीसीचं इंजिन मी ४७६ सीसीचं म्हणून घेतलं होतं. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड थर, सिलिंडरच्या वरच्या कडेला नखाला अडकेल एवढी पायरी. हे इंजिन "नवं" करायला कुणी कधी उघडलेलंच नव्हतं. श्राउड आणि त्यावरची पट्टी दुसऱ्या इंजिनाची. चार बोल्ट काढले की जन्मदाखला बदलतो.

मग दहा अश्वशक्तीचं झिजलेलं इंजिन एवढं ओढत कसं होतं? कार्ब्युरेटर काढताना कळलं. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या दांड्याला बारीक तांब्याची तार पिळून बांधली होती. गव्हर्नर थ्रॉटल मागे खेचूच शकत नव्हता. या इंजिनाची मर्यादा मिनिटाला ३६०० फेऱ्यांची. माझं किती फिरत होतं ते मी मोजलं नाही, आणि मोजण्यासाठी ती तार पुन्हा बांधणारही नव्हतो. ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील प्रमाणाबाहेर फिरलं की फुटू शकतं, आणि फुटलं की तुकडे श्राउड अडवत नाही. ट्रॅक्टर पुलिंगच्या, म्हणजे ट्रॅक्टरने वजन ओढायच्या शर्यतीवाले उगाच स्टीलचं फ्लायव्हील बसवत नाहीत. मी पंधरा दिवस त्याच्यावर वाकून कार्ब्युरेटरचे स्क्रू जुळवत होतो. पैशाची फसवणूक मी एक वेळ विसरेन. ही तार नाही.

फोन केला. तो म्हणाला, "मला मिळाली तशी पट्टी होती. जुन्या यंत्रात असं चालायचंच. आणि पावती बघा तुमची." पावती बघितली. "जुना गार्डन ट्रॅक्टर, जसा आहे तसा." खाली माझी सही. १२२ नाही, के-३०१ नाही, इंजिन उघडल्याचा उल्लेख नाही. जे जे तोंडी होतं त्यातलं काहीही कागदावर नव्हतं. जाहिरात तोवर काढलेली होती आणि तिचा फोटो मी ठेवला नव्हता. प्रकरण तिथेच संपलं.

तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवंय, आणि तिथे गरम सापडलं तर बसून राहा, चहा घ्या, पुरतं थंड होऊ द्या. डिपस्टिक काढून तेल बोटांत चोळा, नाकाला लावा. पॉइंटचं झाकण उघडा, गव्हर्नरचा दांडा हाताने हलवून बघा, स्प्रिंग आणि जोडकाड्यांशिवाय तिथे काहीही बांधलेलं नसावं. "इंजिन नवं केलंय" असं म्हणणाऱ्याला हेड उघडायची परवानगी मागा. काही बोल्ट आणि एक गॅस्केट, दोन्हींचा खर्च तुमचा. खरंच केलेलं असेल तर तो फारसा अडवणार नाही. ते नसेल मान्य तर मॉडेल, इंजिन आणि केलेलं काम पावतीवर लिहून मागा. लिहिताना हात आखडला तर निघा.

क्रँकपिन दहा थाऊ (इंचाचे हजारांश), म्हणजे पाव मिलिमीटर घासून घेतला, त्या बारीक मापाचा (अंडरसाइज) रॉड आणि २४१ चा पिस्टन टाकला. गव्हर्नर नीट बसवला, फेऱ्या टॅकोमीटरवर ३६०० च्या आत आणल्या. लोडरचा बेत रद्द, पुढे साधं गवत कापायचं पातं लावलंय.

शेवटी बोनेटचा रंग काढायला घेतला. पॉलिश पेपर मारता मारता १२२ चं स्टिकर सुटलं, खालचा पिवळा थर गेला, मग थोडी लांबी (पुटी), मग मूळचा रंग. त्यावर जुन्या आकड्यांची फिकट छाया उरली होती. पहिला एक तसाच, शेवटचा दोन तसाच. मधे अंड्यासारखा गोल.

नवं स्टिकर मी १०२ चंच मागवलं.