दोन केबीचं पुस्तक आणि कॅलिबर

जिथे चार दिवस राहायचं होतं तिथे इंटरनेट नव्हतं. हे ठाऊक होतं म्हणून मी आदल्या रात्रीच नवं विकत घेतलेलं ई-पुस्तक शहाण्यासारखं लॅपटॉपवर उतरवून ठेवलं. पुस्तक अनुवादाला घेतलेलं, साडेतीनशे पानांचं. चार दिवसांत पहिल्या दोन प्रकरणांचा कच्चा खर्डा काढायचा बेत. पोचल्यावर फाईल उघडायला गेले तर ती उघडेचना. नीट पाहिलं, आकार दोन केबी. देवनागरीत तेवढ्यात धड अर्धं पानही मावत नाही. नावाच्या शेपटीला 'एसीएसएम' अशी अक्षरं होती.

भाच्याला फोन लावला.

"मावशी, हे पुस्तक नाहीये. पावती आहे. ही दाखवली की पुस्तक मिळतं."

"दाखवायची कुणाला?"

"सर्व्हरला. अडोबी डिजिटल एडिशन्स टाकलंयस का? आणि नेट?"

दोन्ही नव्हतं. चार दिवस एका जुन्या अनुवादाची प्रुफं तपासली.

परत आल्यावर भाच्याने दोन कामं केली. त्या पावतीवरून खरं पुस्तक उतरवून दिलं आणि लॅपटॉपवर कॅलिबर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. त्याला आता चार महिने झाले. हे परीक्षण त्या कॅलिबरचं आहे, पण दुकानांबद्दल बोलल्याशिवाय ते पुरं होणार नाही, कारण कॅलिबर कुठे थांबतं हे बऱ्याचदा दुकानच ठरवतं.

कॅलिबर म्हणजे ई-पुस्तकांचं कपाट, त्यातला ग्रंथपाल आणि एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारा कारागीर, असे तिघे एकाच खिडकीत. फुकट आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याचा जन्मही अशाच एका अडवणुकीतून झालाय. २००६ साली सोनीचं पीआरएस-५०० हे वाचनयंत्र आलं, ते लिनक्सशी बोलत नव्हतं. कोविद गोयल यांनी ते यंत्र यूएसबीवरून संगणकाशी काय बोलतं ते उलगडून स्वतःच सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. तेव्हा त्याचं नाव होतं लिबपीआरएस५००. २००८ मध्ये ते कॅलिबर झालं. सोनीचा स्वतःचा एलआरएफ हा फॉरमॅट कधीच मेला, त्याच्यासाठी जन्मलेलं सॉफ्टवेअर मात्र जिवंत आहे.

माझी स्थिती अशी होती. जुन्या वाचनयंत्राच्या पडद्यावर आडव्या रेघा आलेल्या. त्याच्या जागी मी दुसऱ्या कंपनीचं, कोबोचं यंत्र घेतलेलं. जुन्यातली पुस्तकं केबल लावून नव्यात टाकू, असा भाबडा हिशोब. (जुनं यंत्र ज्या दुकानाचं, त्याचं नाव घेत नाही. त्यांच्या अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.) जुन्या यंत्रातली आणि लॅपटॉपवर इकडेतिकडे पडलेली मिळून २१४ पुस्तकं कॅलिबरमध्ये ओढली. मुखपृष्ठांची रांग लागली, लेखकांची नावं लागली, जीव सुखावला. मग सगळी निवडून 'कन्व्हर्ट' दाबलं.

१५३ पुस्तकांनी नकार दिला. कारण एकच: डीआरएम, म्हणजे विकणाऱ्याने फाईलला घातलेलं कुलूप. कॅलिबर कुलूपबंद पुस्तकाला हात लावत नाही, तसा निरोप देतं आणि पुढच्याकडे वळतं. कुलूप तोडणारे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, बाहेर मिळतात. ते कॅलिबरचा भाग नाहीत, देशोदेशींचे कायदे त्याबाबत वेगळे आहेत आणि मी त्या वाटेला गेले नाही. तेव्हा 'कॅलिबर टाका, सगळी पुस्तकं मोकळी होतील' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उरलेली ६१ मोकळी होती: स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं, माझ्या स्वतःच्या अनुवादांच्या अंतिम फाईली आणि जे प्रकाशक कुलूप लावतच नाहीत त्यांची. असे प्रकाशक आहेत. विज्ञानकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या टॉर बुक्सने २०१२ मध्येच आपल्या ई-पुस्तकांवरची कुलपं काढून टाकली.

मी इतकी वर्षं फॉरमॅट आणि कुलूप एकच समजत होते. ईपब हा ई-पुस्तकांचा फॉरमॅट चालत नाही म्हणजे यंत्र नालायक, एवढं माझं ज्ञान. भाच्याने माझ्याच एका पुस्तकाच्या फाईलचं 'ईपब' हे शेपूट काढून 'झिप' लावलं आणि ती उघडून दाखवली. आत काय, तर वेबपानं! प्रत्येक प्रकरणाचं एक पान, एक शैलीपत्रक, चित्रांचं फोल्डर आणि कोणतं पान कुणानंतर हे सांगणारी एक यादी. सहा महिने घाम गाळलेला अनुवाद असा सुटा सुटा पाहताना जरा ओशाळल्यासारखं झालं. ईपब हे खुलं मानक आहे, कुणीही वाचक-ॲप बनवावं आणि ते उघडावं. पण हेच गाठोडं कुलपात घालून विकता येतं, आणि मग दोन ईपब शेजारी शेजारी ठेवले तरी एक उघडतं, एक नाही. माझी ती दोन केबीची पावती अशाच कुलूपबंद ईपबकडे नेणारी होती. अडोबीच्या त्या पद्धतीत एका खात्यावर सहा यंत्रं चालतात आणि ती वेगवेगळ्या कंपन्यांची असू शकतात, त्यामुळे पुस्तक माझ्या कोबोवर रीतसर आलं. कुलपांमधलं हे त्यातल्या त्यात समंजस कुलूप.

ॲमेझॉनचा संसार वेगळा. त्यांनी २००५ मध्ये मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी घेतली, तिच्या मोबी फॉरमॅटवर २००७ चं पहिलं किंडल हे वाचनयंत्र उभं राहिलं, पुढे एझेडडब्ल्यू३ हा फॉरमॅट आला, मग केएफएक्स. माझ्या बहिणीकडे किंडल आहे. तिला मोकळा ईपब केबलने दिला तर तो यंत्रात जाऊन बसतो पण यादीत दिसत नाही; तोच 'सेंड टू किंडल' या ॲमेझॉनच्या इंटरनेटवरून फाईल पाठवायच्या सोयीने पाठवला तर दिसतो, कारण २०२२ पासून ॲमेझॉन तो स्वीकारून वाटेत आपल्या फॉरमॅटमध्ये बदलून देतं. कॅलिबरमध्ये हा विचार करावा लागत नाही. किंडल जोडलं, 'सेंड टू डिव्हाइस' दाबलं की ते आपणच एझेडडब्ल्यू३ करून धाडतं. कोबो जोडलं की, मार्च २०२५ च्या आठव्या आवृत्तीपासून, कोबोच्या स्वतःच्या केईपब या ईपबच्या सख्ख्या चुलतभावात रूपांतर करून देतं. केईपबमध्ये कोबोची पानं झटझट उलटतात आणि वाचनाचा हिशोबही नीट राहतो.

पण एवढ्यासाठी मी हे लिहायला बसले नसते. कॅलिबर मला आवडलं ते शोधासाठी. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीत संपूर्ण मजकुरात शोधण्याची सोय आली. ती आपोआप चालू नसते, चालू करावी लागते, आणि मग कॅलिबर सगळी पुस्तकं वाचून सूची बनवतं. माझ्या लॅपटॉपला त्या सूचीसाठी एक दुपार आणि पंख्याची घरघर लागली. त्यानंतर जे हाती आलं ते माझ्या धंद्यात सोनं आहे. 'थ्रेशोल्ड' या शब्दाला मी गेल्या अकरा वर्षांत काय काय लिहिलं? 'उंबरठा' टाकलं: एका कादंबरीत सात ठिकाणी, एका मानसशास्त्राच्या पुस्तकात एकदा, तिथे तो शोभत नव्हता. 'सीमा' टाकलं आणि इतके निकाल आले की त्या शब्दावर मी किती रेलते हे लख्ख दिसलं. वर्ड फाईलीही कपाटात ठेवता येत असल्याने माझे कच्चे खर्डेसुद्धा या शोधात येतात. संपादकाने विचारलं, "ताई, मागच्या पुस्तकात 'संवेदन' वापरलं होतं की 'संवेदना'?" तर फोन न ठेवता उत्तर देते. पूर्वी 'बघून सांगते' म्हणून अर्धा दिवस जायचा.

ती १५३ पुस्तकं मात्र या शोधात येत नाहीत. कुलूपबंद मजकूर कॅलिबरला वाचताच येत नाही. त्यातली निम्मी तरी मी संदर्भासाठी पैसे मोजून घेतलेली आहेत.

पीडीएफबद्दल थोडक्यात: कॅलिबरकडून अपेक्षा ठेवू नका. रूपांतरासाठी पीडीएफ हा सगळ्यात वाईट फॉरमॅटांपैकी एक आहे, असं कॅलिबरची स्वतःची माहितीपुस्तिकाच सांगते. पानाचा शिरोलेख वाक्याच्या पोटात येतो, पानाचा आकडा परिच्छेदाच्या मधोमध. आणि मराठी पीडीएफ युनिकोडच्या, म्हणजे अक्षरं सगळ्या संगणकांवर सारखी ठेवणाऱ्या मानकाच्या, आधीच्या फाँटात बसवलेली असेल तर विचारूच नका. डोळ्याला ती देवनागरी दिसते, आत मात्र भलतीच अक्षरं असतात. रूपांतर केलं की तीच बाहेर पडतात. माझा पहिला छापील अनुवाद अशाच फाईलमध्ये अडकलाय. तो पुन्हा टंकावा लागेल, त्याला कॅलिबर काय करणार?

नावं ठेवायला जागा आहे. खिडकी उघडली की वरची रंगीबेरंगी बटणांची ओळ अंगावर येते, त्यातली दोन-तृतीयांश मी अजून दाबलेली नाहीत. कॅलिबर पुस्तकाची प्रत स्वतःच्या फोल्डरात लेखक आणि पुस्तक अशा रचनेने ठेवतं आणि तिथे हात घालू नका म्हणतं. माझ्यासारख्या स्वतःची फोल्डरं वर्षानुवर्षं लावलेल्या बाईला हे पचायला वेळ लागतो. शिवाय त्या फोल्डरांची नावं रोमन लिपीत उतरतात. आत, कॅलिबरच्या यादीत, सगळी देवनागरी शुद्ध; बाहेर डिस्कवर पाहिलं तर माझे मराठी लेखक परदेशी स्टेशनावरच्या उद्घोषणेत उच्चारावेत तसे. आता मी बाहेर पाहणं सोडलंय.

आणि मोबाईलवर कॅलिबर नाही. लॅपटॉपवरून कॅलिबरचा कंटेंट सर्व्हर, म्हणजे कपाट इतर यंत्रांना उघडून देणारी सोय, चालू करून घरच्या वाय-फायवर फोनमध्ये पुस्तकं वाचता येतात, पण ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

आता दुकानं. फाईल आपल्या हातात असण्याचं एवढं काय, असं मलाही वाटायचं. पुस्तक त्यांच्या ॲपमध्ये दिसतंय ना, झालं. मग जुन्या बातम्या चाळल्या. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं दुरून पुसून टाकली. ज्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे कारण. पैसे परत दिले, पुढे जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पुस्तकं नेमकी जॉर्ज ऑर्वेलची, सत्ता जुनी कागदपत्रं पुसून टाकते त्या '१९८४' कादंबरीच्या लेखकाची होती, हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर मी संपादक म्हणून कापला असता. एका विद्यार्थ्याची त्या पुस्तकावरची टिपणं त्यात निकामी झाली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि त्या जुलैपासून विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे पूर्ण परत, आणि ज्यांनी टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर. माझ्या एका पुस्तकावर चारशेच्या वर टिपणं असतात. भाग घालून पाहिला आणि सोडून दिला.

२६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने आपल्याकडून विकत घेतलेलं पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोयही काढली. वाय-फाय असलेल्या यंत्रांना फरक पडला नाही. पण अगदी सुरुवातीच्या किंडलमध्ये वाय-फाय नव्हतंच, ती मोबाईल नेटवर्कवरून पुस्तकं घ्यायची. ते नेटवर्क जिथे बंद झालं तिथे त्यांचा हाच एक रस्ता उरला होता. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आलाय: डिजिटल वस्तूवर 'विकत घ्या' लिहायचं असेल तर तो नुसता परवाना आहे हे दुकानाने स्पष्ट सांगावं.

माझ्यापुरता मी एक रिवाज पाडलाय. पैसे भरण्याआधी पुस्तकाच्या पानावर खाली जाऊन फॉरमॅट कोणता आणि डीआरएम आहे का हे पाहते. लिहिलेलं नसेल तर दुकानाला विचारते. दोघांनी उत्तर दिलं, एकाने आपल्या ॲपची लिंक पाठवली. मोकळा ईपब मिळत असेल तर घेऊन त्याच दिवशी कॅलिबरमध्ये टाकते आणि महिन्याला एकदा कॅलिबरचं पूर्ण फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवते. कुलूपबंदच असेल आणि कामासाठी लागणार असेल, तर आता छापील प्रत मागवते. कादंबरी एकदाच वाचून सोडायची असेल तर कुलपाचं मला काही वाटत नाही, खुशाल घ्यावी.

कॅलिबरमध्ये स्वतःचा रकाना जोडता येतो. मी 'कुलूप' नावाचा जोडलाय, होय किंवा नाही. आज सकाळी 'नाही'ची संख्या ७८ होती. 'होय'वाल्या १५३ साठी रेघा आलेलं जुनं यंत्र टेबलाच्या खणात आहे. दर पंधरा दिवसांनी त्याला चार्जिंगला लावते, आणि दोन रेघांच्या मधली ओळ अजून वाचता येते का ते बघते.