कॅबरे की कराओके? ब्रिटनमधल्या गे पबात पहिल्यांदा जाण्याआधी

लंडनमध्ये नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींचा हा प्रश्न मला नेहमी येतो, बहुतेक वेळा रात्री उशिरा आणि मेसेजवरच: "गे पबात एकदा जायचंय. कुठला बरा?" विचारणारा कधी स्वतः गे असतो आणि घरी अजून बोललेला नसतो, कधी कुणी मित्राच्या सोबतीला जाणारी असते, कधी नुसतंच कुतूहल असतं. तिघांनाही मी आधी वार विचारतो. छोटा पब बुधवारी एक असतो आणि शनिवारी दुसराच. त्याच एवढ्याशा जागेत एका रात्री ड्रॅग क्वीनचा, म्हणजे बाईचा वेश करून स्टेजवर येणाऱ्या पुरुष कलाकाराचा, कॅबरे, दुसऱ्या रात्री कराओके. आणि कॅबरेला गप्प बसून बघायचं असतं, तर कराओकेला गप्प बसलेला माणूस उठून दिसतो. पब चुकला तरी संध्याकाळ निभावते. वार चुकला की माणूस कोपऱ्यात ग्लास धरून उभा राहतो आणि "आपल्याला नाही बुवा जमत" म्हणत घरी येतो.

कॅबरेची रात्र

कॅबरे म्हटल्यावर हेलन डोळ्यांसमोर येत असेल तर तिला जरा बाजूला ठेवा. इथला कॅबरे म्हणजे एक ड्रॅग क्वीन, एक माइक, मागे चकाकत्या झिरमिळ्यांचा पडदा आणि तासभर तोंडाचा पट्टा. काही जणी रेकॉर्डवर नुसते ओठ हलवतात, काही खरंच गातात, आणि गातात त्या फार चांगल्या गातात. पण खरा माल दोन गाण्यांच्या मधे असतो. तमाशातला सोंगाड्या समोर बसलेल्या पाटलाला धरून बोलतो, तसं इथे पुढच्या टेबलावरच्याला धरलं जातं: कुठून आलास, काय करतोस, हा शर्ट तुला कुणी घेऊ दिला. भाषा चावट नव्हे, चक्क अश्लील असते. ब्रिटिश माणूस याला बिचकत नाही, कारण नाताळच्या पँटोमाइममध्ये, म्हणजे मुलाबाळांसकट बघायच्या विनोदी नाटकात, बाईचा वेश केलेला 'डेम' तो लहानपणापासून आईवडिलांच्या मांडीवर बसून पाहत आलेला असतो. पबातली ड्रॅग क्वीन त्याच घराण्यातली, फक्त मुलं झोपल्यानंतरची.

छोट्या पबात स्टेज म्हणजे वीतभर उंचीच्या फळ्या आणि मेकअपची खोली म्हणजे बऱ्याचदा कोठी. बीअरच्या पिंपांशेजारी तयार झालेली ती गर्दीतूनच वाट काढत येते. एका हाताने विग सावरलेला, दुसऱ्या हाताने ती तुमचा ग्लास टेबलाच्या कडेवरून आत सरकवते, कारण तिचा घेरदार झगा त्याला लागणार हे तिला तुमच्या आधी कळलेलं असतं. चेहऱ्यावरच्या लेपाला घाम फुटलेला दिसतो इतक्या जवळून. मोठ्या नाट्यगृहात हे मिळत नाही, आणि माझ्या मते छोट्या पबाचा कॅबरे बघायचा तो याचसाठी.

लाजऱ्या माणसाला ही रात्र सोयीची. अंधार असतो, सगळ्यांची तोंडं स्टेजकडे असतात, तुमच्याकडे कुणी बघत नाही. फक्त पुढे बसू नका. पुढे बसणं म्हणजे "मला घ्या" असं सांगणंच आहे. मागे बारच्या बाजूला भिंतीला टेकून उभं राहिलात तर अख्खा कार्यक्रम निवांत बघता येतो. तोटे दोन. नवख्याला अर्धे विनोद कळत नाहीत, कारण ते इथल्या जुन्या टीव्ही मालिकांवर, मंत्र्यांवर आणि लिव्हरपूलच्या बोलीवर बेतलेले असतात. आणि तिचं चालू असताना शेजाऱ्याशी गप्पा मारणं असभ्य समजतात. म्हणजे करमणूक झकास होते, पण ओळख कुणाशीच होत नाही.

कराओकेची रात्र

कराओके जपानचं. कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांनी 1971 मध्ये पैसे टाकून चालणारं साथीचं यंत्र बनवलं, त्याचं पेटंट मात्र घेतलं नाही. पुढे जपानने गाणं छोट्या खोल्यांमध्ये नेलं, जिथे फक्त आपले मित्र आपल्याला ऐकतात. ब्रिटिश पबात असला आडपडदा नाही. अनोळखी लोकांसमोर उभं राहून गायचं.

पद्धत सोपी आहे. कार्यक्रम चालवणाऱ्या होस्टकडे कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल असते, किंवा टेबलावर क्यूआर कोड. नाव आणि गाणं लिहून द्यायचं, मग वाट बघायची. भरलेल्या रात्री नंबर यायला तास लागू शकतो. आणि या तासातच खरी गंमत असते. "तू काय गाणार?" हा प्रश्न इथे कुणीही कुणालाही विचारतो, आणि त्याचं उत्तर देताना स्वतःबद्दल काहीही उघड करावं लागत नाही. डेटिंग ॲपवर आठवडाभर 'हाय, कसा आहेस' करण्यापेक्षा हे मला कितीतरी माणुसकीचं वाटतं.

आवाजाची काळजी सोडा. बेसूर गाणाऱ्याला टाळ्या कमी पडत नाहीत, कंटाळवाण्या गाणाऱ्याला पडतात. रात्री दहाला कुणी सहा मिनिटांचं रडगाणं लावलं की अर्धा पब सिगारेट ओढायला बाहेर जातो. छोटं, उडतं, सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं निवडा. सत्तर-ऐंशीच्या दशकातलं डिस्को सहसा दगा देत नाही. यादी बहुतेक इंग्रजी गाण्यांची असते. होस्ट इंटरनेटवरून ट्रॅक काढणारा असेल तर हिंदी गाणं कधीमधी मिळून जातं, मराठीची आशा धरू नका. आणखी एक न लिहिलेला नियम: रोजच्या मंडळींची गाणी ठरलेली असतात. कोपऱ्यातल्या स्टुलावरचे आजोबा दर आठवड्याला जे एक गाणं गातात, ते तुम्ही त्यांच्या आधी म्हणून टाकलंत तर कुणी काही बोलणार नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहील.

अडचण एवढीच की इथे लपता येत नाही. दिवे जास्त, गर्दी कमी, आणि नवा चेहरा लगेच ओळखू येतो. गायलंच पाहिजे असं मात्र अजिबात नाही. टाळ्या वाजवणारेही हवे असतातच.

मग निवडायचं कसं? ओळखी हव्या असतील तर आठवड्याच्या मधली कराओकेची रात्र. आधी नुसतं बघून, वातावरणाचा अंदाज घेऊन निघून यायचं असेल तर शुक्रवार-शनिवारचा कॅबरे. पण कित्येक पबांमध्ये कराओकेची होस्ट ड्रॅग क्वीनच असते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे झाकून तीच रात्र सुचवतो. दोन गायकांमधला अवघडलेला वेळ ती भरून काढते, घाबरलेल्याच्या खांद्यावर हात टाकून दोन ओळी स्वतः म्हणते. टोमणे सगळ्यांना सारखे वाटले जातात, त्यामुळे कुणाला एकटं पडल्यासारखं वाटत नाही.

जायचं कुठे

व्हॉक्सहॉल, म्हणजे दक्षिण लंडन. कॅबरेच बघायचा तर रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न. अठराव्या शतकात गाजलेली व्हॉक्सहॉलची करमणुकीची बाग 1859 मध्ये बंद पडली आणि त्या जागेच्या कडेला लगेचच ही इमारत उभी राहिली. लिली सॅव्हेज या नावाने पुढे टीव्हीवर घराघरांत पोचलेले पॉल ओ'ग्रेडी इथे वर्षानुवर्षं उभे राहायचे. 1987 मध्ये पोलिसांनी इथे धाड टाकली ती हातात रबरी मोजे घालून, कारण एड्सची भीती तेव्हा त्या थराला गेलेली होती. स्टेजवर लिलीच होती आणि भांडी घासायला मदत आली असं म्हणत तिने त्या धाडीचाच विनोद केला. 2015 मध्ये या इमारतीला समलिंगी इतिहासासाठी संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, असा दर्जा मिळणारी ब्रिटनमधली ती पहिली. मात्र 'छोटा पब' म्हणून इथे जाऊ नका. बऱ्याच कार्यक्रमांना तिकीट असतं, आणि मामला पबापेक्षा नाट्यगृहाच्या जवळ जातो.

सोहो. ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवरचा ॲडमिरल डंकन खरोखरच छोटा आणि दाटीवाटीचा आहे. ड्रॅग, गाणी, पर्यटक आणि रोजची मंडळी सगळी एकात एक. ठिकाण शहराच्या मध्यात, त्यामुळे पाय घाबरून मागे फिरले तर शेजारी दुसरं काहीतरी असतंच. गैरसोय अशी की शनिवारी आत शिरायला जागा नसते, आणि निम्मी गर्दी फक्त "बघून येऊ" म्हणून आलेली असते.

ब्रायटन. माझा कल इकडे. लंडनहून ट्रेनने साधारण तासाभराचं अंतर, स्टेशनपासून केम्पटाउन या गे पबांच्या भागापर्यंत वीसेक मिनिटं चालत. 2021 च्या जनगणनेत ब्रायटन आणि होव्हमध्ये 16 वर्षांवरच्या 10.7 टक्के लोकांनी स्वतःची नोंद गे, लेस्बियन, बायसेक्शुअल किंवा तत्सम केली. इंग्लंड-वेल्समध्ये हे प्रमाण सर्वांत जास्त. त्यामुळे इथे गे पब म्हणजे फक्त कोपऱ्यावरचा पब. सेंट जेम्सेस स्ट्रीटच्या गल्ल्यांमध्ये, जॉर्ज स्ट्रीटवरच्या क्वीन्स आर्म्ससारख्या ठिकाणी, कॅबरे आणि कराओके एकाच आठवड्यात बघता येतात. निवृत्त जोडपी, नर्सेस, विद्यार्थी, कुत्रा घेऊन आलेले लोक, सगळे एका खोलीत. लंडनमध्ये वयाप्रमाणे पब वाटले गेलेत, इथे तसं नाही. ऑगस्टमधला प्राइड या एलजीबीटी उत्सवाचा शनिवार-रविवार तेवढा टाळा. तेव्हा छोट्या पबाचा छोटेपणाच उरत नाही.

आणि मोठे क्लब? चेरिंग क्रॉस स्टेशनखालच्या कमानींमधला 1979 पासूनचा 'हेवन' वगैरे. नाचायचं असेल तर जरूर जा, पण ही तुलना त्याच्याशी नाहीच. एक फरक सांगून ठेवतो, कारण तो काहींना महत्त्वाचा वाटेल: मोठ्या क्लबांच्या दारावर ओळखपत्र स्कॅन करून नोंदवून घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. छोट्या पबात सहसा फक्त वय बघतात आणि कार्ड परत देतात.

"मी गे नाही, मी गेलो तर चालेल का?"

चालेल. 2010 च्या समानता कायद्याप्रमाणे लैंगिक कलावरून गिऱ्हाइकाला नाकारता येत नाही, आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. पण कायद्यापलीकडचंही सांगायला हवं. 30 एप्रिल 1999 रोजी एका निओ-नाझीने ॲडमिरल डंकनमध्ये खिळ्यांचा बॉम्ब ठेवला. तिघे गेले, सत्तरहून जास्त जखमी झाले. मेलेल्यांपैकी एक गरोदर बाई होती, नवऱ्याला घेऊन मित्रांबरोबर आलेली. पब दोनेक महिन्यांत पुन्हा उघडला आणि आजही चालू आहे. तेव्हा या खोल्या फक्त गे लोकांच्या कधीच नव्हत्या. त्या त्यांच्या होत्या आणि बाकीचे पाहुणे होते, हे लक्षात ठेवलं की पुरे.

पाहुण्याने काय करू नये? होणाऱ्या नवरीच्या लग्नाआधीच्या पार्टीला दहा मैत्रिणींची टोळी घेऊन गोंधळ घालू नये. ड्रॅग क्वीनच्या विगला हात लावू नये आणि "खरं नाव काय" असं विचारू नये. स्टेजवर ती 'ती' आहे. आणि फोटो. स्टेजचा काढलात तर सहसा कुणाची हरकत नसते, गर्दीचा काढू नका. मागे उभा असलेला एखादा मुलगा पुण्याचाच निघेल आणि त्याच्या आईला तो लायब्ररीत आहे असं वाटत असेल.

छोट्या जागा झपाट्याने कमी झाल्यात, हेही निवडताना ध्यानात घ्या. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासात 2006 साली लंडनमध्ये अशा 125 जागा होत्या, 2017 मध्ये 53 उरल्या. भाडी आणि पुनर्विकास ही मोठी कारणं. म्हणून पबात जाऊन तासभर नुसतं पाणी पिऊन बसू नये, असं माझं मत. दारूच घ्या असं नाही. लिंबू-सोडा घ्या, पण काहीतरी घ्या.

बारवरचं थोडं

टेबलावर वेटर येत नाही. बारपाशी जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, टिप द्यावी लागत नाही. रांग दिसत नसली तरी आपल्या आधी कोण आलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर. लंडनमध्ये सहा-सात पौंड धरून चला. अर्धा पाइंट मागण्यात कमीपणा नाही. घोळक्यात असाल तर राउंडची पद्धत असते: एकाने सगळ्यांचं आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. दुसऱ्याने आणलेलं पिऊन आपली पाळी आली की निघून जाणारा माणूस इथे पटकन बदनाम होतो. वय पंचविशीच्या आतलं वाटलं तर ओळखपत्र मागतात, तेव्हा पासपोर्ट किंवा इथलं लायसन्स जवळ ठेवा.

परतीचं आधी बघून ठेवा. शुक्रवार-शनिवारी व्हिक्टोरिया लाइन रात्रभर चालते आणि व्हॉक्सहॉल तिच्यावरच आहे. सोहोजवळ नॉर्दर्न, सेंट्रल आणि पिकाडिली लाइन मिळतात. ब्रायटनहून मात्र शेवटची गाडी त्या रात्रीच्या वेळापत्रकात पाहूनच निघा. आणि गायचं ठरवलं असेल तर चिठ्ठी नऊच्या आत द्या. लास्ट ऑर्डर्सची, म्हणजे बार बंद होण्याआधी शेवटचं मागून घ्या असं सांगणारी, घंटा होण्याच्या बरंच आधी होस्ट नवी नावं घेणं थांबवते, आणि उशिरा आलेल्या चिठ्ठ्या सरळ खिशात घालते.